परातीतले चौऱ्याऐंशी बोल्ट

भैयाजी थूल रायफलीला हात लावण्याआधी हात धूत. जेवणाआधी एखाद्या वेळी विसरतील, पण कोताचं कुलूप काढलं की आधी रांजणाकडे. नव्या शिपायांना वाटे, हा माणूस रायफलीला देव मानतो. भैयाजी कुठलाच देव मानत नव्हते. घामाच्या बोटानं पोलादाला चार दिवसांत गंज धरतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

वर्ध्याहून समुद्रपूरकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला त्या काळी सशस्त्र शिपायांचं एक प्रशिक्षण केंद्र होतं. आता तिथे बाभळी माजल्या आहेत. चार बराकी, कवायतीचं मैदान, मागे टेकडीला लागून चांदमारीची, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची, जागा आणि मधोमध जाड भिंतींची एक खोली. ही खोली म्हणजे कोत, हत्यारांची कोठी. एकाहत्तर सालापासून तिची किल्ली भैयाजींच्या कमरेला होती. गाव गिरडजवळचं, शिक्षण सातवी, आणि त्यावर वीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात रायफली उघडून मिटलेल्या.

नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी भैयाजी एक घोंगडं अंथरत आणि त्यावर चार बंदुका ओळीनं मांडत. "वळखा," म्हणत. पोरं पुढं वाकून बघत. चौघींचं लाकूड तेच, नळीचं तोंड तसंच बोथट, बोल्टची मूठ तशीच खाली वाकलेली. कोणीतरी धीर करून म्हणे, "सगळ्या थ्री-नॉट-थ्री." भैयाजींना याच उत्तराची वाट असे. मग त्यांची गाडी सुटे.

"हे पह्यली, थ्री-नॉट-थ्री. हे इंग्रजाच्या काळापासून इशापूरच्या कारखान्यात बनली. ह्या मॅगझिनपुढचा आडवा स्क्रू पाह्य. लाकूड फाटू नये म्हनून आपल्या कारागिरानं घातला. हे दुसरी, मस्कट. सोंग रायफलीचं, पन नळी आतून गुळगुळीत, अन् मॅगझिनात लाकडाचा ठोकळा. एका टायमाले एकच काडतूस. गोऱ्याचा आपल्या पोलिसावर तेवढाच भरवसा होता." पोरं हसत. "हे तिसरी. बासष्टच्या लढाईच्या वक्ताले बनवली, सेवन-सिक्स्टी-टू. नाव टू-ए. वरून पह्यलीची जुळी बहीन. पन पोलाद जास्त कणखर, मॅगझिन चौकोनी, अन् काडतुसाच्या बुडाले काठ नाई. अन् हे चौथी, टू-ए-वन. तिसरीत अन् चौथीत काय फरक आहे सांगा?"

कोणालाच सांगता येत नसे. भैयाजी नेमाची पट्टी बोटानं उभी करत. टू-ए वर दोन हजारापर्यंतचे आकडे होते, जुन्या रायफलीवरून जसेच्या तसे उचललेले. टू-ए-वन वर आठशेलाच थांबलेले. "दोन हजारावरचा मानूस कोनाले दिसते गा? कारखान्यात कोनाले तरी अक्कल आली, म्हनून हे वन." आपोआप भरणारी एसएलआरही केंद्रात होती, पण दोनच, आणि त्या साहेब लोकांच्या पाहुण्यांना दाखवायला. तिच्याबद्दल भैयाजी फार बोलत नसत. तिचं घराणंच वेगळं, एवढं सांगून पुढं जात.

शेवटी ते एक बोल्ट बाहेर ओढून काढत. बोल्ट म्हणजे रायफलीचं दार. मागून काडतूस आत ढकलायचं, दार लावायचं, मग बार. "हे दार ज्या चौकटीचं, त्याच चौकटीले लागते. म्हनून त्याच्यावर रायफलीचा नंबर खोदला आहे. दुसरीचं दार लावलं तं ते लागन, तुमाले वाटन बराबर लागलं. पन मांगं केसाएवढी फट राह्यली तं काडतुसाचं पितळ ताणून फाटन अन् आग तुमच्या थोबाडावर यीन." हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी थोडा खाली जाई. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

आता बबनरावांचं. बबनराव केळझरचे, शेतकऱ्याच्या घरचे, केंद्रातले हेडकॉन्स्टेबल आणि सगळ्यात चांगला नेम त्यांचाच. भैयाजींचे जिवलग. एकाच ताटात जेवत आणि दिवसातून दोनदा भांडत. बबनरावांच्या देवभक्तीवर भैयाजी टोमणे मारत, भैयाजींच्या हात धुण्यावर बबनराव. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेचा सगळा मान बबनरावांकडे. आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या चांदमारीत पहिला बारही त्यांचाच, हा तिथला रिवाजच पडला होता.

भैयाजी मात्र दरवर्षी अष्टमीलाच चार दिवसांची रजा टाकून नागपूरला जात. छप्पन्न साली बापाच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी त्या मैदानावर धम्म घेतला होता, तेव्हापासून तिथं जाणं एकाही वर्षी चुकत नसे. पूजेला ते नसत आणि त्याचं कोणाला काही वाटतही नसे. जाताना किल्ली बबनरावांकडे देत आणि म्हणत, "फुलं वाहा, नारळ फोडा, पन पानी सांडू नका." इतकी वर्षं हे सुरळीत चाललं.

अठ्ठ्याहत्तर साली केंद्राला नवे राखीव निरीक्षक आले, मधुकरराव. तरुण, कडक इस्त्रीचे, आणि दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी नागपूरहून मोठे साहेब चांदमारी पाहायला येणार म्हणून सारखे धास्तावलेले. त्यांनी हुकूम काढला, यंदाची पूजा डोळ्यांत भरली पाहिजे. बबनरावांना तर तेच हवं होतं.

दशमीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भैयाजी परत आले. हात धुऊन कोतात शिरले आणि दारातच थांबले. रायफली आरशागत लखलखत होत्या. प्रत्येकीला झेंडूची माळ, हळद, कुंकू. बबनराव मागून आले, छाती पुढं.

"कशी झाली गा पूजा? दोन दिवस राबलो. सगळे बोल्ट काढले, रॉकेलात बुडवले, चिंच लावली, पॉलिश पेपरनं घासले. मोठ्या परातीत रचले. चौऱ्याऐंशी! वरून फुलं. साहेब म्हने, असं दृश्य मी पाह्यलं नाई."

भैयाजींनी हळू आवाजात विचारलं, "अन् मंग?"

"मंग काय? पूजा झाली, पोरायले वाटले, ज्याच्या त्याच्या रायफलीत बसवून टाकले."

"नंबर पाहून?"

बबनराव हसले. "सगळे सारखेच तं असते बोल्ट."

भैयाजींनी हाताशी लागलेली पहिली रायफल घेतली. पन्नास थ्री-नॉट-थ्री आणि चौतीस टू-ए-वन, अशी ती चौऱ्याऐंशी. या रायफलीचा नंबर एक, बोल्टचा भलताच. दुसरी घेतली, तिथेही तेच. तिसरी टू-ए-वन होती आणि तिच्या बोल्टच्या डोक्याचा आकडा थ्री-नॉट-थ्रीचा होता, काठवाल्या काडतुसाला धरणारा. दहाव्या रायफलीपर्यंत त्यांना घाम फुटला. काही बोल्टांवरचे आकडे आधीच झिजलेले होते, ते पॉलिश पेपरनं पार पुसले गेले होते. आणि लोखंडाला चिंच! भैयाजींना रडावं की ओरडावं कळेना.

त्यांनी पेटीतून कापडाची पिशवी काढली. तीत पोलादाची लहान मापं होती, प्रत्येक जातीच्या रायफलीची दोन, एक गो आणि एक नो-गो. नो-गो आत ठेवल्यावर बोल्ट बंद व्हायला नको. झाला, तर फट जास्त आहे. त्यांनी मुद्दाम बबनरावांचीच रायफल घेतली, सातशे अठरा नंबरची टू-ए-वन. नो-गो ठेवला आणि बोल्टची मूठ नुसत्या करंगळीनं दाबली. बोल्ट अलगद बंद झाला.

"हे पाह्य बबन."

बबनरावांचा चेहरा पडला, पण तो चुकीच्या जाणिवेनं नव्हे. त्यांना राग आला होता. दोन दिवसांची मेहनत, सगळ्यांनी केलेली वाहवा, आणि हा माणूस एका लोखंडाच्या तुकड्यानं ती पुसून टाकायला निघाला होता. "एवढ्याशा तुकड्यानं का होते?" एवढं म्हणून ते निघून गेले.

भैयाजी थेट मधुकररावांच्या कचेरीत गेले. चौऱ्याऐंशी रायफलींपैकी एकही चालवण्याजोगी नाही, जुळवणीला तीन दिवस लागतील, चांदमारी पुढं ढकला, असं त्यांनी सांगितलं. मधुकररावांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. परवा मोठे साहेब येणार होते, तारीख बदलणं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापून घेणं होतं. कोताच्या वहीत "रायफली तपासल्या, ठीक आहेत" असं लिहून भैयाजींची सही हवी होती.

"सही नाई होनार साहेब."

मग मधुकररावांच्या तोंडून जे जायला नको होतं ते गेलं. "थूल, तुम्हाला पूजा पटत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याचा राग असा काढू नका."

खोलीत दोन कारकून होते. दोघांनी माना खाली घातल्या. भैयाजींच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. वीस वर्षं फौजेत, सात वर्षं इथं, आणि हे ऐकायचं! पण त्यांनी आवाज चढवला नाही. "साहेब, हळदी-कुंकवानं काई बिघडलं नाई. फुलानंही नाई. बिघडलं ते परातीत. पूजा रोज करा, मले काई म्हननं नाई. पन ह्या रायफली मी कोनाच्या हातात देत नाई." आणि तिथंच वही ओढून त्यांनी लिहिलं: चौऱ्याऐंशी रायफली, बोल्ट अदलाबदल, फायरिंगला अयोग्य. खाली सही केली आणि तारीख टाकली.

"उद्या सकाळी मी निलंबनाचा कागद काढू शकतो," मधुकरराव म्हणाले.

"काढा साहेब."

घरी तानाबाई भाकरी थापत होत्या. भैयाजींनी सगळं सांगितलं. नोकरी जाऊ शकते, क्वार्टर जाऊ शकतं, हेही सांगितलं. तानाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. त्यांना सव्वीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट माहीत होती, ती आणखी कोणाला माहीत नव्हती.

"हिरालालचं सांगतलं काय साहेबाले?"

"नाई."

"काऊन? लाज वाट्टे?"

"हो," भैयाजी म्हणाले.

"मंग लाज बाजूले ठेवा अन् सांगा. नाई तं तुमचं कोन आयकन?" तानाबाईंनी भाकरी ताटात टाकली आणि विषय संपवला.

सकाळी भैयाजी पोहोचले तेव्हा साहेब येण्याआधीच्या सरावासाठी चांदमारीवर सगळे जमले होते. निलंबनाचा कागद काही निघाला नव्हता. वहीतली सही मधुकररावांनाही टोचत होती. पण बबनराव ऐकायला तयार नव्हते. कोताची दुसरी किल्ली कचेरीत असे, ती आणवून त्यांनी आपली सातशे अठरा नंबर बाहेर काढली होती. पूजेची माळ अजून तिच्यावर होती. "मी मारतो पह्यला बार. माह्या हातानं पुजलेली आहे. काई होत नाई, पाहा तुमी." ते जमिनीवर पालथे पडले, दस्ता खांद्याला लावला, गाल लाकडावर टेकवला.

भैयाजी धावत गेले आणि त्यांनी रायफलीच्या नळीवर पाय ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रायफलीला पाय लावला.

"पाय काढ भैया!"

"नाई काढत. आयक." आणि मग सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, नव्या पोरांसमोर ते बोलले. "मी बावन साली वर्कशॉपात नवा होतो. तपासनीची घाई होती. दोन रायफलीचे बोल्ट माह्या हातून बदलले. मले मालूम पडलं होतं. म्या म्हटलं, सगळे सारखेच तं असते. हिरालाल नावाचा जवान होता, राजस्थानचा, माह्यासोबत जेवे. त्यानं त्या रायफलीनं गोळ्या मारल्या. सहाव्या गोळीले त्याचा उजवा डोळा गेला. चौकशीत म्हने काडतूस खराब होतं. म्या तोंड उघडलं नाई. तो एका डोळ्यानं घरी गेला अन् मले हात जोडून राम राम करून गेला. आता तू म्हनतं पाय काढ. नाई काढत बबन. माही नोकरी गेली तरी नाई काढत."

बबनराव हळूहळू उठून बसले.

मधुकररावांनी घसा साफ केला. त्यांनाही आता मान राखून माघार घ्यायला वाट हवी होती. "ठीक. दोरीनं चालवा. काही झालं नाही तर सही करायची."

"तीन गोळ्या," भैयाजी म्हणाले. "एकीनं समजत नाई."

ट्रकचे दोन जुने टायर आणले. त्यात सातशे अठरा घट्ट बांधली, चापाला लांब दोरी लावली. सगळे मातीच्या बांधामागे गेले. जाण्याआधी भैयाजींनी बबनरावांसमोर हात पसरला. "टोपी दे." बबनरावांनी डोक्यावरची टोपी काढून दिली. जिथं त्यांचा गाल टेकतो, नेमक्या तिथं भैयाजींनी ती सुतळीनं बांधली.

पहिला बार झाला, काही घडलं नाही. पोरांत खसखस पिकली. भैयाजी शांतपणे गेले, रिकामं काडतूस काढून आणलं आणि वाकवलेली बारीक तार बबनरावांच्या हातात दिली. "आतून फिरव. बुडाकडे." बबनरावांनी तार फिरवली. बुडापासून बोटभर वर तार अडकली. पितळ आतून ताणून तिथं खाच पडली होती. बबनराव ती पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. त्यांचं हसू मावळलं होतं.

दुसरा बार झाला, तरी वरून काहीच नाही. मधुकररावांनी घड्याळ पाहिलं. "थूल, आता..."

"तीन म्हनले साहेब."

तिसऱ्या बाराचा आवाजच वेगळा आला. फाटका, दुहेरी. धूर नळीतून पुढं जायच्या ऐवजी मागच्या बाजूनं उसळला. सगळे बांधावरून धावले. मॅगझिन खाली पडलं होतं, लाकूड लांबीनं तडकलं होतं, काडतुसाचं बूड बोल्टला चिकटून राहिलं होतं आणि बाकीचं पितळ नळीत अडकलं होतं. बबनरावांच्या टोपीला उजव्या बाजूनं, डोळ्याच्या वर, रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि भोकाच्या कडा अजून धुमसत होत्या.

बबनरावांनी टोपी सोडवली. भोकातून बोट घालून पाहिलं. मग मोठा गडी, सहा फुटांचा, तिथंच मातीत बसला आणि रडू लागला. "तुले मी काय काय बोललो गा," म्हणाला. भैयाजी त्याच्याशेजारी बसले. "चाल, ऊठ. ब्याऐंशी बाकी आहे," म्हणाले. खरं तर त्र्याऐंशी बाकी होत्या. पण त्या क्षणी कोणी दुरुस्ती केली नाही.

मधुकररावांनी स्वतः नागपूरला फोन लावला. काय घडलं ते त्यांनी खरं खरं सांगितलं, हे त्यांच्या नावावर लिहिलंच पाहिजे. चांदमारी आठवडाभर पुढं गेली, आणि कोणाचंही नाक कापलं गेलं नाही. तीन दिवस भैयाजी आणि बबनराव कोताच्या दारात घोंगडं टाकून बसले. एक नंबर वाचे, दुसरा शोधे. ज्या अकरा बोल्टांचे आकडे पुसले गेले होते, ते एक एक रायफलीत घालून मोजमापानं जुळवले. दोन कशातच बसले नाहीत, ते कारखान्याकडे गेले. त्या तीन दिवसांत दोघं एकदाही भांडले नाहीत. तानाबाई डबा घेऊन आल्या तर त्यांना हे पाहून काळजीच वाटली.

पुढच्या वर्षी पूजा झाली, माळाही झाल्या. फक्त बोल्ट ज्याचे त्याच्या रायफलीत होते आणि परातीत झेंडू तेवढे. भैयाजी नेहमीसारखे नागपूरला गेले. ते परतल्यावर बबनरावांनी सातशे एकोणीस नंबरची नवी रायफल त्यांच्यापुढं धरली. "तपास. त्याबिगर मी बार मारत नाई." भैयाजींनी हात धुतले, नो-गो ठेवला. बोल्ट अडला. मग पहिला बार झाला. तेव्हापासून हाच रिवाज पडला.

त्या पहिल्या बाराच्या रात्री भैयाजींनी राजस्थानच्या जुन्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं, असं तानाबाई सांगत. त्यात त्यांनी आपली चूक लिहिली होती. उत्तर आलं नाही. पत्ता बदलला असेल, किंवा हिरालाल नसेल, किंवा त्याला उत्तर द्यायचं नसेल. भैयाजींनी पुढची सगळी वर्षं टपालाची वाट पाहिली.

अठ्ठ्याऐंशी साली ते निवृत्त झाले. तेव्हा नवी, लहान गोळीची देशी रायफल येणार, अशी बातमी होती. नवा आर्मोरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा भैयाजींच्या जागेवरचा माणूस, तिचीच माहितीपुस्तकं घेऊन आला होता आणि या जुन्या लाकडी रायफलींकडे जरा वरूनच बघत होता. भैयाजींनी त्याला किल्ली दिली, मोजमापांची पिशवी दिली आणि घोंगड्यावर चार बंदुका मांडून दाखवल्या. त्यानं नम्रपणे मान डोलावली, पण लक्ष घड्याळाकडे होतं.

केळझरहून निरोपाला बबनराव आले होते, दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले, केस पांढरे. त्यांनी पिशवीतून एक जुनी टोपी काढली. उजव्या बाजूला रुपयाएवढं भोक, कडा काळ्या. ती त्यांनी कोताच्या खिळ्याला, नेमकी दारासमोर, टांगली.

"हे काय?" नव्या आर्मोररनं विचारलं.

"हे मी," बबनराव म्हणाले. "ह्या मानसानं रायफलीवर पाय ठेवला नसता तं हे भोक माह्या कपाळाले असतं. कोनी तुले म्हनलं का सगळे बोल्ट सारखेच असते, तं हे त्याच्या डोक्यावर ठेवजो."

नवा आर्मोरर टोपीकडे पाहत राहिला. मग तो बाहेर रांजणाकडे गेला, हात धुतले आणि घोंगड्यापुढं येऊन बसला. "साहेब," तो भैयाजींना म्हणाला, "पहिलीपासून पुन्हा सांगा."